‘ट्रेन टू बुसान’वालं बुसान: बंदरात कंटेनरचे विक्रम, मग शहर रिकामं का होतंय?

‘ट्रेन टू बुसान’ हा कोरियन सिनेमा भारतात ज्यांनी थिएटरमध्ये पाहिला नाही त्यांनी मोबाइलवर पाहिला. राजधानी सोलहून सुटलेली ट्रेन, डब्याडब्यात झॉम्बी, आणि जिवंत उरलेल्यांची एकच आशा: कसंही करून बुसान गाठायचं. सगळा देश कोसळला तरी बुसान सुरक्षित आहे, एवढ्या एका भरवशावर तो सिनेमा पळत राहतो.

खऱ्या आयुष्यात मात्र गर्दी उलट्या दिशेच्या ट्रेनला आहे. बुसानची पोरं शिक्षण संपलं, किंवा संपायच्या आधीच, बॅगा भरून सोलकडे निघतात. १९९५ च्या सुमारास या शहराची लोकसंख्या ३९ लाखांच्या जवळ होती. आता ती ३३ लाखांच्याही खाली आलीये. म्हणजे तीस वर्षांत सहा लाखांहून जास्त माणसं कमी झाली. दक्षिण कोरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर म्हणून बुसानचा जो रुबाब होता, तो आता सोलच्या शेजारचं इंचॉन हिसकावू पाहतंय. इंचॉनने तीस लाखांचा टप्पा ओलांडलाय आणि तिथला आकडा वाढतोय.

याच काळात बुसानच्या बंदरात काय झालं? २०२४ मध्ये या बंदराने साधारण २ कोटी ४४ लाख कंटेनर हाताळले. (कंटेनर मोजायचं जगभरातलं माप म्हणजे वीस फुटी डबा, त्याला टीईयू म्हणतात.) हा तोवरचा विक्रम होता. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर आपल्या उरणच्या जेएनपीए बंदराने २०२४-२५ मध्ये ७३ लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले, आणि तोही त्या बंदराचा विक्रमच होता. बुसान त्याच्या तिपटीहून मोठं आहे, जगातल्या पहिल्या दहा बंदरांत आहे.

धंदा वाढतोय आणि गाव ओस पडतंय, असं एकाच वेळी कसं होतं? त्यासाठी आधी हे शहर एवढं मोठं झालं कसं, ते बघावं लागतं.

१,०२३ दिवसांची राजधानी

बुसान या नावाचा अर्थ हंड्यासारखा डोंगर. जुन्या मराठी पुस्तकांत आणि पेपरांत हे नाव ‘पुसान’ असं सापडेल. २००० मध्ये कोरियाने रोमन स्पेलिंगचे नियम बदलले आणि पुसानचं बुसान झालं.

जपान इथून अगदी जवळ आहे. त्सुशिमा हे जपानी बेट बुसानपासून साधारण ५० किलोमीटरवर, हवा स्वच्छ असेल तर किनाऱ्यावरून दिसतं. त्यामुळे १८७६ मध्ये जपानने कोरियाला करार करायला भाग पाडलं तेव्हा पहिलं उघडलं ते बुसानचं बंदर. १९०५ मध्ये इथून सोलपर्यंत रेल्वे झाली आणि त्याच वर्षी जपानच्या शिमोनोसेकीला जाणारी बोट सुरू झाली. जपानच्या राज्यात हे बंदर माल आणि माणसं नेण्या-आणण्याचं दार होतं.

पण आजचं बुसान घडवलं ते युद्धाने. २५ जून १९५० ला उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं. तीन दिवसांत सोल पडलं. ऑगस्टपर्यंत दक्षिण कोरियाच्या हातात देशाचा आग्नेय कोपरा तेवढा उरला होता. त्या कोपऱ्याच्या टोकाला बुसान. सरकार इथे आलं, संसद इथे आली, सोलची विद्यापीठं इथे तंबूत भरायला लागली. दोन टप्प्यांत मिळून १,०२३ दिवस बुसान ही देशाची तात्पुरती राजधानी होती.

आणि आले निर्वासित. युद्धाआधी पाच लाखांच्या आत असलेलं शहर १९५५ पर्यंत दहा लाखांवर गेलं. डिसेंबर १९५० मध्ये उत्तरेतल्या हुंगनाम बंदरातून ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज सुमारे १४ हजार लोकांना घेऊन निघालं. बुसानमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून जहाज शेजारच्या कोजे बेटावर नेलं. त्या जहाजावर एक जोडपं होतं. पुढे कोजेवर त्यांना मुलगा झाला, तो बुसानमध्ये वाढला आणि २०१७ मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. मून जे-इन.

सपाट जमीन संपल्यावर लोक डोंगरावर चढले. आज इन्स्टाग्रामवर जे रंगीबेरंगी गामचोन गाव दिसतं, पायऱ्यांसारखी एकावर एक रचलेली घरं, ती १९५० च्या दशकातली गरिबांची वस्ती. तिथे रंगरंगोटी आणि कलाप्रकल्प आला २००९ मध्ये. जवळच आमी-दोंग नावाची वस्ती आहे. तिथे जपानी लोकांची दफनभूमी होती. निर्वासितांनी तिथल्याच समाधीच्या दगडांवर घरं बांधली. पाया म्हणून, पायरी म्हणून वापरलेले ते कोरीव दगड आजही घरांच्या भिंतींत दिसतात.

धावपळीत ताटातूट झाली तर भेटायचं कुठे? देशभरातल्या लोकांना बुसानमधली एकच खूण माहीत होती: योंगदो बेटाकडे जाणारा १९३४ चा पूल. जहाजं जाऊ देण्यासाठी या पुलाचा एक भाग उचलला जायचा. ‘योंगदो पुलाखाली भेटू’ असं सांगून कुटुंबं वेगळी झाली. पुलाखाली माणसं शोधणाऱ्यांची इतकी गर्दी व्हायची की आजूबाजूला ज्योतिषांची रांगच लागली. आपलं माणूस जिवंत आहे का, एवढंच लोक विचारायचे. १९६६ मध्ये पूल उचलणं थांबलं. २०१३ मध्ये नव्याने बांधून ते पुन्हा सुरू झालं, आता पर्यटक बघायला येतात.

बुसानची आवडती डिश मिलम्योन हीसुद्धा त्याच काळातली. उत्तरेकडचे लोक कुट्टूच्या पिठाच्या थंड नूडल्स खायचे. इथे कुट्टू मिळेना, पण अमेरिकेच्या मदतीतून आलेला गहू होता. मग गव्हाच्या नूडल्स झाल्या.

भारताचाही या बंदराशी एक संबंध आहे. भारताने या युद्धात लढायला सैन्य दिलं नाही, वैद्यकीय पथक दिलं. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स नोव्हेंबर १९५० मध्ये बुसानलाच उतरली. युद्धविरामानंतर कैद्यांची जबाबदारी घ्यायला भारतीय तुकडी गेली, तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे मराठी अधिकारी. भारताच्या तटस्थतेवर चिडलेल्या दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या तुकडीला आपल्या जमिनीवर पाऊल ठेवू दिलं नाही, तिला जहाजावरून हेलिकॉप्टरने सीमेवरच्या छावणीत न्यावं लागलं. हे बुसानमध्ये घडलं नाही, इंचॉनमध्ये घडलं, पण गोष्ट सांगण्यासारखी आहे. बुसानमध्ये आहे ती संयुक्त राष्ट्रांची दफनभूमी. अशी ती जगात एकच. तिथे २,३०० हून जास्त सैनिक आहेत.

एलजीची सुरुवात, सॅमसंगचा कारखाना

युद्ध संपल्यावर सगळे निर्वासित परत गेले नाहीत. अनेकांचं गाव सीमेच्या पलीकडे राहिलं होतं. बुसानकडे बंदर होतं, आणि काम मागणारे लाखो हात होते. कारखाने इथे येणारच होते.

एलजीचं मूळ असलेली लकी केमिकल ही कंपनी १९४७ मध्ये बुसानमध्ये सुरू झाली. त्याच घराण्याच्या गोल्डस्टारने १९५९ मध्ये कोरियाचा पहिला देशी रेडिओ इथेच बनवला. सॅमसंगने साखरेचा कारखाना १९५३ मध्ये काढला तो बुसानमध्ये. तीच कंपनी आज सीजे म्हणून ओळखली जाते आणि ‘पॅरासाइट’ या सिनेमाच्या मागेही होती. मग प्लायवूड आलं, कापड आलं, आणि ७०-८० च्या दशकांत बूट आले. जगातल्या मोठ्या ब्रँडचे स्पोर्ट्स शूज बुसानच्या कारखान्यांत शिवले जायचे, शिवणाऱ्या बहुतेक तरुण मुली.

यातलं आज इथे किती उरलं? मोठ्या कंपन्यांनी मुख्यालयं सोलला नेली. पगार वाढले तसे बुटांचे कारखाने इंडोनेशिया, चीन, व्हिएतनामला गेले. त्यात सरकारचाही हात होता. शहरात गर्दी फार झाली म्हणून १९८० च्या दशकात सोलप्रमाणे बुसानमध्येही नव्या कारखान्यांवर निर्बंध आणले. सोलकडे मुख्यालयं, बँका, मंत्रालयं होती, त्यामुळे तिला फरक पडला नाही. बुसानकडे कारखानेच होते. जहाजबांधणी आणि मोटारी उल्सान, कोजे, चांगवोन या शेजारच्या गावांकडे गेल्या.

उरलं बंदर.

डबा येतो, डबा जातो

बंदराचं नशीब फळफळलं ते शेजाऱ्याच्या संकटामुळे. जानेवारी १९९५ मध्ये जपानच्या कोबे शहरात भूकंप झाला. कोबे तेव्हा जगातल्या मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक होतं. धक्के कोसळले, जहाजं बुसानकडे वळली. कोबे दोन वर्षांत उभं राहिलं, पण गेलेला धंदा पूर्ण परत आला नाही.

हा धंदा कोणता, ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण सगळी गोम तिथेच आहे. त्याला म्हणतात ट्रान्सशिपमेंट. मनमाड जंक्शन डोळ्यांसमोर आणा. नांदेडकडून आलेला माणूस मनमाडला उतरतो, प्लॅटफॉर्म बदलतो, मुंबईची गाडी पकडतो. स्टेशनवर गर्दी दिसते, पण मनमाड गावात त्यातले किती जण जातात? ट्रान्सशिपमेंटचा डबा तसाच असतो. उत्तर चीनमधून किंवा जपानच्या छोट्या बंदरातून लहान जहाजाने तो बुसानला येतो, यार्डात काही दिवस थांबतो आणि अमेरिकेला जाणाऱ्या अजस्र जहाजावर चढतो. अमेरिकेकडे जायच्या मुख्य सागरी रस्त्यावर बुसान अगदी मोक्याच्या जागी आहे, म्हणून हे त्याला परवडतं.

बुसानच्या २ कोटी ४४ लाख डब्यांपैकी निम्म्याहून जास्त डबे असे आहेत. ते उघडले जात नाहीत, त्यातला माल शहरात येत नाही, त्यावर इथे कुणी काही प्रक्रिया करत नाही. बंदराला हाताळणीचे पैसे मिळतात, तेवढंच.

बरं, डबा उचलायला तरी माणसं लागतात? २००६ पासून मोठी जहाजं शहराच्या पश्चिमेला, जुन्या वस्तीपासून बऱ्याच लांब असलेल्या नव्या बंदरात लागतात. एप्रिल २०२४ मध्ये तिथे कोरियाचं पहिलं पूर्ण स्वयंचलित टर्मिनल सुरू झालं. जहाजावरून डबा उतरवण्यापासून यार्डात रचण्यापर्यंतची कामं यंत्रं करतात, क्रेनवर चालक बसत नाही. जुन्या बंदरात हमाल, ट्रकवाले, खानावळी, दुरुस्तीवाले, गोदामवाले यांची एक वस्तीच जगायची. नव्या बंदराला ती वस्ती लागत नाही.

मग सिंगापूरचं काय? तिथे तर ट्रान्सशिपमेंटचं प्रमाण बुसानहून कितीतरी जास्त आहे आणि शहर ओसंडून वाहतंय. फरक डब्याभोवतीच्या धंद्यात आहे. जहाजांना इंधन देण्यात सिंगापूर जगात पहिलं. जहाजांचा विमा, कर्ज, भाडेकरार, खटले, दलाली असं खुर्चीवर बसून होणारं, चांगल्या पगाराचं काम तिथेच चालतं. बुसानमध्ये डबा येतो, पण त्याचा सौदा सोलमध्ये होतो. कोरियाची सर्वात मोठी जहाज कंपनी एचएमएम, तिचं मुख्यालयही सोलमध्येच. त्याआधीची सर्वात मोठी हानजिन, तीही सोलचीच. २०१६ मध्ये ती बुडाली तेव्हा तिची जहाजं माल घेऊन जगभरच्या समुद्रात अडकली, कारण पैसे मिळतील याची खात्री नसल्याने बंदरं त्यांना आत घेईनात. निर्णय सोलमध्ये झाले, धक्क्यावरचं काम गेलं ते बुसानमधल्या माणसांचं.

महाराष्ट्रात पालघरच्या वाढवण बंदराची चर्चा सुरू आहे. ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पाचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं, आणि त्याची ठरवलेली क्षमता २ कोटी ३० लाखांहून जास्त कंटेनर आहे, म्हणजे जवळपास आजचं बुसान. वाढवणचा माल बराचसा देशातच जाणार असल्याने दोन्हींची थेट तुलना होणार नाही. पण लाखो रोजगारांची जी आश्वासनं दिली जातायत, ती ऐकताना डबे किती, याच्यासोबत त्या डब्यांभोवतीचं काम कुठल्या शहरात बसणार, हेही विचारायला हवं.

‘म्हातारा आणि समुद्र’

कोरियात बुसानबद्दल एक कडवट विनोद चालतो. हेमिंग्वेच्या कादंबरीचं नाव घेऊन लोक म्हणतात, बुसानमध्ये आता दोनच गोष्टी उरल्यात, म्हातारा आणि समुद्र.

आकडे त्याला दुजोरा देतात. शहरातला साधारण चौघांतला एक माणूस ६५ च्या पुढचा आहे. कोरियाच्या महानगरांपैकी ‘अतिवृद्ध’ गटात, म्हणजे पाचातला एक ज्येष्ठ, सगळ्यात आधी बुसान गेलं, २०२१ मध्ये. २०२३ मध्ये इथला जननदर ०.६६ होता. लोकसंख्या टिकायला तो २.१ लागतो.

२०२४ मध्ये कोरियाच्या एका सरकारी संशोधन संस्थेने बुसानला ‘नामशेष होण्याचा धोका’ असलेल्या भागांत टाकलं. महानगरावर असा शिक्का पहिल्यांदाच बसला. हिशोब सोपा आहे: २० ते ३९ वयाच्या स्त्रियांची संख्या भागिले ६५ वरच्या सगळ्यांची संख्या. उत्तर ०.५ च्या खाली आलं की धोका. बुसानचं आलं ०.४९. हा निर्देशांक ढोबळ आहे, बायकांच्या वयावरून शहराचं भविष्य सांगायची तऱ्हाही खटकणारी आहे, आणि ३२-३३ लाखांचं शहर उद्या सकाळी गायब होणार नाही. पण यादीतली नावं बघितली की चित्र कळतं. योंगदो बेट, जिथे कधी निर्वासितांची गर्दी होती, ते तळाशी आहे. आणि धोक्याच्या यादीत नव्याने आलेल्यांमध्ये हेउंदे आहे.

हेउंदे म्हणजे बुसानचा चकचकीत चेहरा. समुद्रकिनारा, ४११ मीटर उंच १०१ मजली टॉवर, मॉल, आणि आशियातल्या सर्वात मोठ्या फिल्म फेस्टिव्हलांपैकी एक. तिथून जवळच्याच ग्वांगल्लीच्या पुलाजवळ ‘ब्लॅक पँथर’ची गाडी पळाली होती. बीटीएसचे जिमिन आणि जंगकुक बुसानचेच. पण त्यांनाही करिअर करायला सोलला जावं लागलं. २००४ मध्ये बुलेट ट्रेन आली, सोल तीन तासांच्या आत आलं. बुसानमध्ये राहून सोलचं काम करता येईल अशी आशा होती. झालं असं की मोठ्या हॉस्पिटलपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सगळ्यासाठी सोलला जाणं सोपं झालं.

आता उपाय काय चाललेत?

एक, मोठा कार्यक्रम. २०३० चं वर्ल्ड एक्स्पो आणण्यासाठी बुसानने जीव तोडून प्रयत्न केले, बीटीएसने त्यासाठी मोफत कॉन्सर्टही केली. नोव्हेंबर २०२३ च्या मतदानात रियाधला ११९ मतं पडली, बुसानला २९. त्या एक्स्पोच्या भरवशावर घाईत रेटलेला गादोक बेटावरचा नवा विमानतळ २०२९ मध्ये उघडायचा होता. २०२५ मध्ये बांधकाम कंपनीच मुदतीवरून वाद होऊन बाजूला झाली, आता २०३५ ची भाषा आहे.

दोन, सोलमधली ऑफिसं उचलून इकडे आणायची. मागच्या सरकारने कोरिया डेव्हलपमेंट बँक बुसानला न्यायची घोषणा केली होती. कर्मचाऱ्यांनी निदर्शनं केली, आणि मुळात बँकेच्या कायद्यातच ‘मुख्य कार्यालय सोलमध्ये’ असं लिहिलेलं असल्याने संसदेशिवाय काही हलणार नव्हतं. ते हललं नाही. राष्ट्राध्यक्ष ली जे-म्योंग यांनी निवडणुकीत दिलेला शब्द तुलनेने लवकर पाळला: समुद्र आणि मत्स्यव्यवसाय मंत्रालय २०२५ च्या अखेरीस बुसानला आलं. साडेआठशेच्या आसपास कर्मचारी. सहा लाख गेलेल्या शहरात हा आकडा किरकोळच, पण मंत्रालयामागे परवाने, सल्लागार, वकील, कंपन्यांची ऑफिसं येतात असा सरकारचा हिशोब आहे. बर्फ वितळल्याने खुल्या होणाऱ्या आर्क्टिकच्या मार्गाचं केंद्र बुसानला करायचंही घाटतंय. त्या मार्गाने युरोप सुएझपेक्षा साधारण तीस टक्के जवळ पडतो. मात्र तो मार्ग वर्षातले थोडेच महिने चालतो आणि बराचसा रशियाच्या किनाऱ्याने जातो, त्यामुळे सध्या तरी तो कागदावर जास्त आहे.

खरी परीक्षा एचएमएमची आहे. ली यांनी ही कंपनीही बुसानला आणायचं आश्वासन दिलंय. तिचा मोठा हिस्सा सरकारी संस्थांच्या हातात आहे, त्यामुळे सरकारला ते अशक्य नाही. विरोध आहे तो कंपनीच्या सोलमधल्या ऑफिस कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा. घरं, मुलांच्या शाळा, जोडीदाराची नोकरी सगळं सोलमध्ये, बुसानला का जायचं, असा त्यांचा सवाल आहे. बुसानची पोरं ज्या कारणांसाठी शहर सोडतात, नेमकी तीच कारणं देऊन हे लोक यायला नकार देतायत.